रुमालाखालचा सौदा

अभ्यंकर मास्तर भाव करत नसत. पनवेलच्या बाजारात असं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. मी नुकतंच तांदळाचं दुकान मांडलं होतं. काळी टोपी, काखेत छत्री, असे ते आले आणि कोलमचा भाव विचारला. मी नेहमीसारखा चढा सांगितला, म्हणजे उतरायला जागा राहते. त्यांनी निमूटपणे पैसे फळीवर ठेवले. मीच चिडलो.

"अहो मास्तर, थोडी घासाघीस करा की!"

"ज्याचा माल, त्याने भाव सांगावा," ते म्हणाले. "तुमच्या तांदळाची किंमत तुमच्यापेक्षा मला जास्त कळते का?"

पुढच्या खेपेला माझी जीभ रेटेना. खरा भाव सांगून मोकळा झालो. मासळीबाजारातही तीच गत. गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरणारी ठकूबाई कोळीण मला म्हणाली होती, "त्या मास्तराला लुटाया जावं, तर आपल्यालाच लाज वाटते रं हिरा."

हायस्कुलात ते गणित शिकवत. मी चौथीत शाळा सोडलेला. खाडीकाठी आमचं भातशेत होतं आणि शेत व खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी आत शिरायचं, मग पुढची काही वर्षं तिथं भात नाही. आमचे वडील जन्मभर त्या बांधावर चिखल थापत गेले. मी बांध सोडून बाजार धरला. पेंढ्यापासून सुरुवात केली, तांदळापर्यंत आलो, आणि धाकटा भाऊ नामदेव याला मास्तरांच्या हाती दिला. त्याने सिव्हिल इंजिनिअर व्हावं, आमचा बांध दगडात बांधावा, पाणी सोडायला पक्की झडप बसवावी, हे मी तो मॅट्रिक व्हायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

इंटरला नामाला चांगले मार्क पडले. तेव्हा गुजरातेसकट मुंबई राज्य एकच होतं आणि कॉलेजांच्या जागा मुंबईत मुलाखतीला बोलावून वाटायचे. मार्कांच्या क्रमाने मुलाला आत हाक मारत. उरलेल्या जागा फळ्यावर लिहिलेल्या असत. मुलाने शाखा आणि कॉलेज सांगितलं, की तिथली एक जागा पुसली जायची.

मास्तरांनी मला समजावलं, "नामाच्या नंबराला पुण्याचं सिव्हिल नक्की मिळेल. इलेक्ट्रिकल म्हणाल तर इकडचं आधीच संपेल, गुजरातेतलं काय ते उरेल."

"मग बोलायचंच काय? पुणं आणि सिव्हिल."

आत मुलाबरोबर एकच मोठं माणूस सोडत, आणि साहेबलोक इंग्रजीत विचारणार. मास्तरांनीच जावं असं ठरलं. पण मी माणूस बाजारातला. आदल्या दिवशी त्यांना बैलबाजाराची रीत शिकवली. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आतून बोटं दाबून भाव कळवायचा. दोघांनी सारखीच बोटं दाबली की सौदा पक्का. मोडणाऱ्याशी मग बाजारात कुणी व्यवहार करत नाही.

"एक बोट सिव्हिल, दोन मेकॅनिकल, तीन इलेक्ट्रिकल," मी म्हणालो.

मास्तर लहान मुलासारखे हसले. "भाव न करणाऱ्याला शेवटी सौद्याला बसवलंत, हिराशेट!"

मी एक बोट दाबलं. त्यांनीही एकच दाबलं.

मुंबईत मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. दोघं बाहेर आले तेव्हा नामा माझ्याकडे बघेना.

"इलेक्ट्रिकल घेतलं त्याने," मास्तर म्हणाले. "गुजरातेत."

"पुण्याचं सिव्हिल संपलं?"

"नाही. होतं फळ्यावर. आत जाईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, हिराशेट. याने इलेक्ट्रिकल म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं, घरच्यांना मान्य आहे का? मी मान हलवली."

माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माझ्या तोंडून गावची बोली येते.

"तुमी दगा केलात, मास्तर! रुमालाखाली बोट दाबलं होतं का नाय?"

"दाबलं होतं."

"मग?"

"माल त्याचा आहे. भाव त्याने सांगितला."

"आनि पोसला कोनी त्याला? तुमी?"

पट्टेवाला धावत आला. नामा खाली बघून एवढंच बोलला, "दादा, मला त्या बांधावर परत जायचं नाय."

तो गेला नाही. शिकला, बिहारकडे एका वीजघरात लागला, तिकडचाच झाला. गणपतीला येतो, दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं की परत. त्याला नोकरी लागली त्याच पावसाळ्यात आमचा बांध असा फुटला की पुन्हा बांधायला माणसंच मिळेनात. शेतात आता चिंबोऱ्या हिंडतात. गावात पुढे दिवे आले, तेही काही नामाने आणले नाहीत.

मास्तर मात्र तांदूळ माझ्याकडूनच नेत राहिले. मी त्यांना अख्ख्या बाजारात नसेल असा भाव सांगायचो. वाटायचं, एकदा तरी म्हणतील, हिराशेट, हे फार होतंय. म्हणजे मलाही माझं बोलता आलं असतं. ते पैसे ठेवायचे, "ज्याचा माल..." म्हणून पिशवी उचलायचे. पायरी उतरताना विचारायचे, "बांधाचं काही झालं का?" मी तराजू पुसत राहायचो.

पेन्शनीत निघाल्यावर ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, निरोप धाडला, म्हणून गेलो. बोलणं बंद झालं होतं. डोळ्यांनीच त्यांनी मला जवळ बसवलं आणि माझा हात ओढून अंगावरच्या शालीखाली घेतला. मग माझं बोट दाबलं. सावकाश, नीट, मी शिकवलं होतं तसं. एकच.

काकू बघत होत्या. मास्तर वाट बघत होते. मला आमचं शेत दिसत होतं.

मी हात काढून घेतला.

त्याच आठवड्यात मास्तर गेले. खांदा द्यायला मी सगळ्यांत पुढे होतो. जन्मात त्यांनी एकच सौदा केला, तो माझ्याशी, आणि तोच मोडला. शालीखाली त्यांनी तो पुन्हा मांडला, हे मला कळलं नाही असं नाही. पण सौदा दोघांनी दाबल्याशिवाय पक्का होत नाही, हेही त्यांना मीच शिकवलं होतं.