झडपेची चौकशी

समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तो डाव्या हाताची बोटं हवेत हलवायचा, टीसीने तिकीट मागावं तशी, आणि म्हणायचा, "सिद्ध करा."

पिंपरीतल्या आमच्या कारखान्याचा तो वाहतूक अधिकारी. लष्कराच्या वर्कशॉपातून आलेला. असे अधिकारी तुम्हीही पाहिले असतील, गोरा साहेब गेला तरी त्याची हॅट डोक्यावर ठेवून फिरणारे. हा ती कचेरीत पंख्याखालीसुद्धा काढत नसे. गॅरेजातल्या नळाला पाणी नाही म्हणून आम्ही तक्रार केली, तर स्वतः आला, नळ सोडला, कोरडा नळ बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "तक्रार खरी आहे." पाणी मात्र आलं नाही.

तळवड्याकडच्या गावांतून कामगार आणणारी आमची बस म्हणजे लढाईनंतर लिलावात निघालेला ट्रक, वर पत्र्याचं छप्पर. चिंचवड यायच्या आत तिचं पाणी उकळायचं. ड्रायव्हर गाडी थांबवायचा, माणसं शिव्या घालत उतरायची आणि तोवर कारखान्याचं फाटक बंद व्हायचं. मॅनेजरांनी निकाल आधीच लावला होता: ड्रायव्हर युनियनचा आहे, मुद्दाम उशीर करतो, त्याला काढा. चौकशी फक्त उरकायची होती. ती याच्याकडे आली.

"साहेब, टेंपरेचरची सुई वर पळती, पानी उकळतं. मंग जरा येळानं आपसूक खाली येती," ड्रायव्हर म्हणाला.

"आत्ता कुठे आहे सुई?"

"आत्ता खालीच हाय."

"मग सिद्ध करा."

आम्ही युनियनचं पत्रक काढलं, मीच लिहिलेलं, 'दलाल अधिकाऱ्याचा धिक्कार असो'. त्याने ते वाचलं, शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि मला परत पाठवलं. त्याचा राग मला अजून आहे.

पण त्याने रेडिएटर धुवून पाहिला, पंख्याचा पट्टा ओढून पाहिला, पंप खोलला. सगळं ठीक. राहिला थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे सोडत नाही आणि तापलं की उघडते, ती पितळी झडप. तिच्यासाठी हा पठ्ठ्या मधल्या सुट्टीत थेट कँटीनमध्ये आला आणि दोरीला बांधलेली झडप त्याने चहाच्या पातेल्यात सोडली. आधण खळखळत होतं. झडप उघडली.

"उघडली. झडप निर्दोष," त्याने जाहीर केलं.

"उकळत्या पाण्यात बुडवल्यावर कोणीही तोंड उघडेल, साहेब," मी म्हणालो. कँटीन हसलं. ड्रायव्हर हसला नाही. नोकरी त्याची जायची होती.

साहेबही हसला नाही. मला वाटलं, आता मलाही चौकशी लागते. त्याने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बसची झडप काढून आणायला माणूस पिटाळला. पातेल्यात गार पाणी भरलं, दोन्ही झडपा शेजारी शेजारी सोडल्या, खाली जाळ लावला.

पाण्यावर वाफ धरली तशी दुसऱ्या बसची झडप उघडली. आमची मिटून बसलेली. पाण्याला बुडबुडे आले तरी मिटलेली. आधण खळखळू लागलं तेव्हा कुठे सावकाश उघडली, सरकारी खिडकी उघडावी तशी.

त्याला ते पटलं नाही. पाणी बदलून पुन्हा लावलं. मग झडपांच्या जागा बदलून पुन्हा. आचारी कळवळून म्हणाला, "साहेब, चहाचं काय करू?" त्या दिवशी सगळ्या शिफ्टला चहा मिळाला नाही. एरवी एवढ्यावर आम्ही संप केला असता.

शेवटी तो म्हणाला, "झडप दोषी. उशिरा उघडते."

"आन् मी?" ड्रायव्हरने विचारलं.

"तुम्ही उद्या वेळेवर या."

माफी नाही, दोन गोड शब्द नाहीत. ती झडप वेळेवर उघडली असती, तर याच माणसाने त्याच थंडपणाने ड्रायव्हरला घरी पाठवलं असतं. कामगारांचा कळवळा वगैरे काही नव्हता.

मॅनेजरांनी त्याला निकाल बदलायला सांगितलं. याने त्यांच्यासमोरही बोटं हलवली म्हणतात. थोड्याच दिवसांत त्याची बदली झाली, कुठे ते आम्ही विचारलंही नाही.

त्याच्या जागी आलेला साहेब फार सज्जन आहे. हॅट घालत नाही, गाडीचं बॉनेट उघडत नाही. भांडायला गेलं की खुर्ची देतो, "बसा राव" म्हणतो, घरची विचारपूस करतो. आमच्या ड्रायव्हरलाही त्याने अगदी असंच बसवलं, चहा पाजला आणि कामावरून काढल्याचं सांगितलं.