खांबाखालून सांगितलेला आकडा

कुंडलिकभाऊंचं नाव निघालं की डिंगोऱ्यात आजही कुणीतरी म्हणतं, "लई भोळा मानूस." मला त्या शब्दाची चीड येते. ज्याला फसवलं त्यालाच नाव ठेवायचं आणि फसवणाऱ्याला पहिल्या पंगतीला बसवायचं, हा आमच्या गावचा न्याय! कुंडलिकभाऊ भोळे नव्हते. त्यांनी एका माणसावर विश्वास ठेवला आणि तो माणूस त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. यात भोळेपणा कुठे आला?

माझी पिठाची गिरणी ओतूरच्या रस्त्याला आहे आणि त्यांच्या केबलचा मुख्य खांब माझ्या दारासमोरच होता. त्यामुळे हे सगळं मी उंबऱ्यात उभं राहून पाहिलेलं आहे.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. ओतूरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करणारे कुंडलिकभाऊ एका दुपारी टेम्पोतून भलीमोठी डिश घेऊन गावात उतरले. शेजारच्या प्रयागबाईंनी ती बघून विचारलं, "एवढी मोठी परात कुनाच्या लग्नाची रं?" महिन्याभरात त्याच प्रयागबाई त्या परातीतल्या मालिका बघून डोळे पुसत होत्या. कुंडलिकभाऊंनी वायर ओढली ती कुणाच्या आंब्यावरून, कुणाच्या गोठ्याच्या आढ्यावरून. परवानगी म्हणजे नुसतं "ओढा की, भाऊ." हळूहळू खालचे मळे आणि पार ओढ्यापलीकडची वस्ती त्यांनी जोडून टाकली. उसात बिबट्या हिंडायला लागल्यापासून दिवेलागणीनंतर मळ्यातली माणसं घराबाहेर पडेनाशी झाली होती. त्यांना केबलचा मोठा आधार होता.

तेव्हा मोजायला यंत्र वगैरे काही नव्हतं. सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या. कुंडलिकभाऊ खांबावर चढायचे, सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या डब्यातला बारीक स्क्रू पेचकसाने फिरवायचे, आणि खालच्या घरातली बाई दारात येऊन ओरडायची, "अजून हायेत मुंग्या! थोडं फिरवा! आता गेल्या, आता गेल्या!" मग डबा बंद. वरच्याने खालच्याच्या शब्दावर हात चालवायचा, हीच त्यांची पद्धत. पंधरा वर्षं ती कधी चुकली नाही. चुकणार कशी? खाली ओरडणाऱ्याला स्वतःलाच चित्र चांगलं हवं असायचं.

मग गावात घरांवर डीटीएचच्या छोट्या छत्र्या दिसू लागल्या, आणि तालुक्यातला एक मोठा नेटवर्कवाला गावोगावच्या लाइनी गिळत सुटला. त्याने कुंडलिकभाऊंनाही निरोप धाडला, लाइन आमच्या नावावर करा, तुम्हाला हापिसात खुर्ची देतो. कुंडलिकभाऊ माझ्या गिरणीत बसून म्हणाले, "गोरखभाऊ, ह्या वायरीचा तुकडा न् तुकडा मी वढलाय. मेलो तरी दुसऱ्याच्या नावावर करनार न्हाई." नुसतं बोलून थांबले नाहीत. सगळं होतं ते घालून डिजिटलची सोय केली, घरोघर नवे बॉक्स दिले आणि पुण्याला बुधवार पेठेत जाऊन सिग्नल मोजायचा मीटर आणला. गणपतीपासून दिवाळीपर्यंत लोक टिकले तर लाइन त्यांची, नाही टिकले तर संपलं, हे त्यांना स्वच्छ माहीत होतं.

मीटरशिवाय इलाजच नव्हता. डिजिटलला मुंग्या येत नाहीत. चित्र येतं तर आरशासारखं, आणि सिग्नल जरा हद्दीखाली गेला की एकदम चौकोन पडतात, आवाज तुटतो, पडदा काळा. कमी होतंय, कमी होतंय, असं ते आधी सांगत नाही. म्हणून मीटरवर आधी ज्या चॅनेलचं मोजायचं त्याची फ्रिक्वेन्सी दाबायची, मग त्याची पातळी आकड्यात दिसते, आणि तो आकडा बघून वरचा स्क्रू फिरवायचा. फ्रिक्वेन्सी बरोबर लावणं महत्त्वाचं. त्याच वायरीतून जुनी साधी चॅनेलंही यायची आणि त्यांचा आकडा मुळातच मोठा असायचा. चुकून ती फ्रिक्वेन्सी राहिली तर मीटर खोटं बोलत नाही, पण भलत्याचंच खरं सांगतो.

आता अडचण अशी की कुंडलिकभाऊंना जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा घेतला होता, पण "चष्मा घालून खांबावरनं खाली बघितलं की जमीन वर येती" म्हणून तो खिशातच राहायचा. तेव्हा त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. संपत हा घोडेगावचा. आयटीआय केलेला, बोलायला गोड, हात रिकामे. दाजींनी त्याला राहायला खोली दिली, गाडी दिली, मीटर शिकवला. दाजी वर खांबावर, संपत खाली गळ्यात मीटर अडकवून. वरून हाक यायची, "संपतराव, किती हाय?" खालून उत्तर जायचं, "साठ, दाजी. लई झालं, जरा कमी करा." दाजी कमी करायचे.

गणपती उठले आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत चौकोन पडायला लागले. मग खालचे मळे. ऐन मालिकेच्या वेळेला पडदा काळा. लोक किती दिवस ऐकून घेणार? मळ्यातल्या साळुबाईने तर कुंडलिकभाऊंना अंगणात उभं करून सुनावलं, "जमत न्हाई तर सोडा की! आमी काय काळा पडदा बघायचा?" कुंडलिकभाऊ मान खाली घालून शिडी उचलायचे. वायरीच्या सांध्यात पाणी शिरलं असेल म्हणून त्यांनी सांधे बदलले. माकडांनी कुरतडलं असेल म्हणून वायर बदलली. भर पावसात, निसरड्या खांबांवर, दिवसभर. आणि गंमत बघा, ज्या वस्तीत चित्र तुटायचं, त्याच वस्तीत दुसऱ्या दिवशी नेटवर्कवाल्याची माणसं नवे बॉक्स घेऊन हजर! मी म्हणालो, "भाऊ, ह्यांना बरं बरोब्बर कळतं." ते म्हणाले, "धंद्यात ठेवत्यात कान उघडे."

एक दिवस संपत घोडेगावला गेला होता. कुंडलिकभाऊ मीटरची वायर वर डब्याला जोडून आले आणि एकटेच मीटर घेऊन खांबाखाली बसले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून माझा पिठाने माखलेला चष्मा मागून घेतला. बराच वेळ मीटरकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "गोरखभाऊ, ही फ्रिक्वेन्सी जुन्या चॅनेलची हाय." त्यांनी बटणं दाबून डिजिटलची लावली. आकडा धाडकन खाली आला, पार चाळिशीच्या आत. मी काही त्यातला नाही, पण त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. म्हणजे इतके दिवस संपत भलताच आकडा वाचून "कमी करा" म्हणत होता आणि हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची लाइन मारत होता!

"चुकला आसंल," ते म्हणाले.

"एकदा चुकतं भाऊ. रोज चुकतं का?"

"नवीन हाय अजून," एवढं बोलून ते वर चढले. मला खाली मीटर धरायला लावून सगळं नीट लावून घेतलं. त्या संध्याकाळी खालच्या मळ्यात चित्र आरशासारखं आलं. संपत परतल्यावर त्यांनी त्याला फ्रिक्वेन्सी पुन्हा समजावून सांगितली, तीही माझ्यासमोर, एका शब्दाने न दुखवता. माझ्या तोंडापर्यंत शिवी आली होती, ती मी गिळली. संपत म्हणाला, "चुकलंच दाजी माझं."

आठवडा गेला आणि पुन्हा चौकोन. या खेपेला कुंडलिकभाऊंनी सांधे तपासले नाहीत. सकाळी शिडी घेऊन माझ्या दारासमोर आले, सोबत संपत. नेहमीसारखे वर चढले. मोजायची वायर खालच्या मीटरपासून खांबावर जाते आणि वर डब्याला पिळून जोडावी लागते. मी उंबऱ्यात उभा होतो. मला वर दिसत होतं, संपतला दिसत नव्हतं, कारण त्याची मान मीटरकडे होती. कुंडलिकभाऊंनी ती वायर डब्याला जोडलीच नाही. तिचं टोक नुसतं मुठीत धरून ठेवलं.

"संपतराव, किती हाय?"

"बघतो, दाजी." त्याने दोन-तीन बटणं दाबली. "साठ! एक नंबर हाय. उलट जरा कमीच करा."

मग कुंडलिकभाऊंनी पुन्हा विचारलं, आवाज अगदी साधा. "नीट बघ. साठच हाय नव्हं?"

"आईशप्पथ, दाजी. साठ."

तेव्हा त्यांनी मूठ उघडली आणि वायर सोडून दिली. तिचं टोक संपतच्या पायाशी येऊन पडलं. संपतने आधी त्या टोकाकडे बघितलं, मग वर बघितलं. आयुष्यात मी अनेकांना खोटं बोलताना पकडलंय, पण असा पांढरा पडलेला चेहरा बघितला नाही. आणि खरं सांगतो, मला त्याची कणभर दया आली नाही.

कुंडलिकभाऊ खाली उतरले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "कुनी सांगितलं?"

संपत जमिनीकडे बघून म्हणाला, "दाजी, लाइन आज ना उद्या जानारच व्हती. नेटवर्कवाले मला हितला मानूस म्हनून नेमत्यात. मी म्हनलं, परक्याकडं जान्यापेक्षा आपल्याच घरात ऱ्हाईल." केसाने गळा कापायचा आणि वर म्हणायचं, आपल्याच घरातली सुरी होती! मी पुढे सरसावलो, तर कुंडलिकभाऊंनी माझं मनगट धरलं. संपतच्या गळ्यातला मीटर त्यांनी स्वतः काढून घेतला आणि त्याला जायला सांगितलं.

शिडी मी उचलली आणि घरापर्यंत सोबत गेलो. वाटेत ते एकदाच बोलले. "शीलाला कसं सांगू, गोरखभाऊ? तिचा एकुलता भाऊ. ती खचंल." मी म्हणालो, सांगावं तर लागेलच.

वहिनी ओट्यावर घेवडा निवडत होत्या. नवऱ्याच्या हातात मीटर, मागे मी शिडी घेऊन, आणि भाऊ सोबत नाही, हे बघून त्या उठल्या. कुंडलिकभाऊ तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "सांगितलं व्हय त्यानं एकदाचं? मी कवाची म्हनत व्हते त्याला, दाजींला सांगून टाक."

कुंडलिकभाऊ ओट्याच्या पायरीवर बसले. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण खांद्यावर शिडी होती आणि ती कुठे टेकवावी ते सुचेना.

"तुला कवापासनं म्हाईत?"

"नागपंचमीला मला म्हायेरी घेऊन गेला व्हता, तवा म्हनला." वहिनींच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "मला काय वायरीचं कळतंय? त्यो म्हनला, लाइन गेली की दाजींला हापिसात खुर्ची देत्यात. गेल्या वर्सी तुमी खांबावरनं पडला, तवापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाई. मला वाटलं, सुटाल एकदाचं. खाली बसाल. जित्तं ऱ्हाल."

कुंडलिकभाऊ हळूच म्हणाले, "गनपती उठल्यापासनं मी रोज खांबावर हाय, शीला. पावसात हाय. नव्हता त्यो फॉल्ट हुडकत हाय." त्यांनी मीटर पायरीवर ठेवला. "अन् तू रोज भाकर बांधून देत व्हतीस. घरी आलो की इचारत व्हतीस, सापडला का म्हनून."