मान्य, पुढे, मान्य

उदगीरला चौबाऱ्याकडून धान्याच्या मोंढ्याकडे निघालं की डाव्या हाताला राजशेखरचा फोटो स्टुडिओ लागतो. स्टुडिओ वडिलांच्या वेळचा. वडील निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचे आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून हिंडायचे. "लोक त्यांचा चेहरा आपल्यापाशी ठिवून जातेत," असं ते म्हणायचे. पुढं पेटी गेली, कॉम्प्युटर आला, राजशेखरचे कानाजवळचे केस पांढरे झाले. बाजारात त्याला सगळे स्टुडिओवाले अण्णा म्हणायला लागले.

ह्या अण्णाला एक नाद होता आणि तो त्यानं बायकोशिवाय कुणाला कळू दिला नव्हता. दुकान बंद असायचं त्या दिवशी दुपारी तो शटर अर्धं ओढून घ्यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा. पडद्यावरचा खेळातला ट्रक. मागं-पुढं त्याच्या धाकट्या भावाचा ट्रक असायचा.

भाऊ मल्लिनाथ पुण्याला होता. एकेकाळी दोघं मिळूनच स्टुडिओ बघायचे. बहिणीच्या लग्नात मल्लिनाथच्या हातून शूटिंगचं कार्ड पुसलं गेलं, अक्षता पडतानाचं सगळं गेलं, आणि राजशेखरनं भर मांडवात पाहुण्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली.  बहिणीची पाठवणी झाली तसा मल्लिनाथही पुण्याला गेला. मग कितीतरी वर्षं दोघांत सणासुदीच्या फोनपलीकडं काही नव्हतं. एक दिवस अचानक त्याचा मेसेज आला, "अण्णा, हा गेम घे. ट्रक चालवायचा असतोय." लहानपणी डाळमिलसमोर उभ्या असलेल्या ट्रकांखाली दोघं खेळायचे, मोठेपणी ड्रायव्हर व्हायचं ठरवायचे, ते त्याला आठवत असावं.

समोरासमोर जे बोलता आलं नसतं, ते ट्रक चालवताना यायचं. "डावीकडं दाब अण्णा, पुढं वळण हाय," म्हणता म्हणता मल्लिनाथ विचारायचा, "आईचे गुडघे कसे हायत?" मग राजशेखर सांगायचा. दोघांची नजर रस्त्यावर असायची, त्यामुळे बरं पडायचं. मांडवातली गोष्ट मात्र कुणी काढली नाही.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली. नवे रस्ते, नवे घाट. मल्लिनाथनं ती घेतली. राजशेखरच्या कॉम्प्युटरवर ती चालेना. जुनी सिस्टिम चालणार नाही, नवी टाका, असा निरोप पडद्याच्या कोपऱ्यात रोज यायला लागला. राजशेखरनं सुदर्शनला बोलावलं. बाजारातल्या सगळ्या दुकानांचे कॉम्प्युटर सुदर्शनच दुरुस्त करायचा.

सुदर्शननं मशीन बघितलं. म्हणाला, "बसती की नवी सिस्टिम. पण अण्णा, ही नवी लई चोंबडी हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे पयले खातं उघडा म्हणती. मंग तुमच्या फायली, फोटो आपसूक वरी, कंपनीकडं नेऊन ठिवती. तुमी कुठं काय उघडलाव, तेबी बघती. घरी खेळणाऱ्याला फरक पडत न्हाई. पण तुमच्याकडं साऱ्या दुनियेच्या लेकीबाळींचे फोटो हायत."

"ते बंद करता येत न्हाई का?"

"येतंय. पण एकेक पान वाचून नको म्हणावं लागतंय. त्यापेक्षा दुकानाचं काम ह्याच्यावर ऱ्हाऊ द्या. गेमला मी दुसरा एखादा वापरलेला कॉम्प्युटरचा डबा बघतो. थोडं थांबा."

राजशेखर थांबला. खरंच थांबला. फोटो कापताना, अल्बमची पानं जुळवताना तो मनाशी तोलत बसायचा. एका बाजूला वडिलांची पेटी आणि एका बाजूला मल्लिनाथचा आवाज. मधेच वाटायचं, आपल्या उदगीरच्या फोटोंत कुणाला काय गोडी असणार? आणि लगेच वाटायचं, हे आपण गेम खेळायला मिळावा म्हणूनच मनाला पटवतोय.

अशातच सुट्टीच्या दिवशी मल्लिनाथचा फोन आला. "येतोस का अण्णा? न्हाई तर मी हापिसातल्या पोरांसंगं निघतो."

मल्लिनाथ सहज बोलला. पण राजशेखरला वाटलं, भाऊ पुन्हा हातातून सुटतो की काय. "थांब. आजच करतो," तो म्हणाला.

सिस्टिम उतरून बसायला दुपार उलटली. मग एकामागून एक पानं यायला लागली. बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं. फोन स्पीकरवर होता. मल्लिनाथ म्हणाला, "दाबत जा अण्णा, कोण वाचतंय ते." आणि राजशेखर दाबत गेला. मान्य, पुढे, मान्य. एका पानावर फोटोंबद्दल काहीतरी होतं, ते त्याला दिसलं होतं. त्यावरही त्यानं मान्य दाबलं. त्या दिवशी दोघा भावांनी नव्या घाटातून ट्रक काढले, आणि मल्लिनाथ पोट धरून हसला. कितीतरी वर्षांनी.

पाच-सहा दिवसांनी एक गंमत दिसली. दुकानात बाकड्यासमोरच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना अल्बम दाखवायला मोठा टीव्ही होता, कॉम्प्युटरला जोडलेला. कॉम्प्युटर जरा स्वस्थ पडला की त्या टीव्हीवर आपोआप फोटो फिरायला लागायचे. नवी सिस्टिमच निवडायची. कुणाचं बारसं, कुणाची हळद. बाकड्यावरची एक बाई म्हणाली, "अगं बाई, किती गोड लेकरू!" राजशेखरला बरं वाटलं. आपसूक जाहिरात होऊन राहिली, असं त्याला वाटलं. सुदर्शनला एकदा विचारायला पाहिजे, हेही वाटलं. पण विचारलं तर तो पहिल्यांदा म्हणणार, थांबा म्हटलं होतं की. म्हणून विचारलं नाही.

त्या फोटोंत तनुजाचाही फोटो होता.

तनुजा कंधारची. तिथल्या एका दवाखान्यात नर्स. नवरा ट्रॅक्टर उलटून गेला, तेव्हा मुलगी मांडीवर होती. सासूनं, भामाबाईनं, तिला माहेरी जाऊ दिलं नाही, लेकीसारखं सांभाळलं, नातीला सांभाळून हिला ड्युटीला पाठवलं. आता दवाखान्यातल्याच एकाचं स्थळ सांगून आलं होतं. त्याच्या घरच्यांना नीट काढलेला फोटो हवा होता. कंधारला काढला तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल, म्हणून ती उदगीरला बहिणीकडं, मनिषाकडं आली आणि दोघी मिळून स्टुडिओत आल्या. राजशेखरनं तिला खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं केलं. निळी साडी, केसांत थोडी फुलं. फुलं माळताना तिचा हात अडखळला होता, ते त्यानं बघितलं होतं.

जाताना ती म्हणाली, "काका, मोबाइलवर द्या आणि तुमच्याकडला पुसून टाका."

"पुसतो बाई. फिकीर करू नका."

त्यानं पुसला नाही. फोटोवाला फोटो पुसत नाही. गिऱ्हाईक पुन्हा मागायला येतं, ही धंद्याची सवय.

तुरीचे दिवस होते. मोंढ्यात तूर घालायला आलेला एक तरुण शेतकरी कसल्याशा अर्जाला फोटो पाहिजे म्हणून स्टुडिओत आला. नाव विचारलं तर हरिओम म्हणाला, गाव कंधार. राजशेखरनं त्याचा फोटो काढला आणि तो छापायला आत गेला. बाहेर आला तर हरिओम बाकड्यावरून उठून टीव्हीसमोर उभा होता. टीव्हीवर तनुजा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"ह्या बाईचा फोटो इथं कसा?"

राजशेखर कात्रीनं फोटो कापत होता. मान वर न करताच बोलून गेला, "स्थळासाठी काढला होता. चांगला आला न्हाई का?"

"ही माझी भावजय हाय," हरिओम म्हणाला.

कात्री थांबली. राजशेखरनं धावत जाऊन टीव्ही बंद केला, पण आता बंद करून काय होतं? हरिओमनं आपले फोटो खिशात घातले. तो रागावला नाही, आवाजही चढवला नाही. "बरं," एवढं म्हणून पायरी उतरला.

थोड्या दिवसांनी तनुजा आली. सोबत मनिषा होती. तनुजा बाकड्यावर बसली नाही.

"काका, फोटो कुणाला दाखवलाव?"

"मी कुणालाच दाखवला न्हाई, बाई. कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली. तिनं आपल्या मनानंच..."

त्यानं सगळं सांगितलं. खातं, फोटो वर जाणं, टीव्ही. शब्दन् शब्द खरा होता. फक्त आपण कात्री चालवताना काय बोललो, ते त्यानं सांगितलं नाही. गेमचंही सांगितलं नाही.

तनुजानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगणारच होते सासूबाईंना. कसं सांगायचं ते रोज मनात जुळवत होते. त्यांचा हात हातात घेऊन सांगणार होते. आता त्या म्हणतात, शेजारपाजाऱ्यांच्या आधी मला कळालं ही देवाची किरपा. माझ्याशी बोलत न्हाईत. नातीला जवळ घेतात आणि माझ्याकडं पाठ करतात." तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर सारला. "सांगायचं तेवढं माझं होतं, काका."

राजशेखरनं तिच्यासमोर फोटो पुसला. वरच्या खात्यातून कसा पुसायचा ते त्याला येईना.  शेवटी सुदर्शनला बोलवावं लागलं. सुदर्शननं पुसला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. थांबा म्हटलं होतं, असं तो बोलला असता तर राजशेखरला हलकं वाटलं असतं.

घरी त्यानं बायकोला, शिवकांताला, सांगितलं. मशीननं कसा घात केला, ते सांगितलं. शिवकांता भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "पर त्या पोराला कसं कळालं, स्थळासाठी हाय म्हणून?"

राजशेखरनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"फोटोवर लिवलेलं होतं का?"

"न्हाई."

 तिनं भाकर तव्यावर टाकली. तो पाटावरून न जेवताच उठला. पूजेला बसून कपाळाला विभूती लावताना त्याला वडील आठवले. वडील एवढी पेटी सांभाळत बसायचे, पण खरी गोष्ट पेटीची नव्हतीच. ते तोंडही सांभाळायचे. कोण कुणाबरोबर फोटो काढून गेलं, हे त्यांच्या तोंडून घरातसुद्धा कधी निघालं नव्हतं.

तो कंधारला गेला. एसटीतून उतरून विचारत विचारत घर काढलं. भामाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या, शेजारी नात बसलेली. त्यांनी त्याला बाज दाखवली, पाणी दिलं. तनुजा ड्युटीवर होती. राजशेखरनं हात जोडले. म्हणाला, "आई, चूक माझी हाय. तिनं फोटो पुसा म्हटलं होतं, मी पुसला न्हाई. गेम खेळायच्या नादात मशीन बदललं. आणि तुमच्या लेकाला स्थळाचं मीच बोललो. ती तुमाला सोताहून सांगणार होती. लई मानते तुमाला."

भामाबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे नातीच्या तळहातावर ठेवले.

"तुमी कुठं चुकलाव?" त्या म्हणाल्या. "तुमी खरं तेच बोललाव. लपवलं तिनं. लगीन कर म्हणून मीच म्हणणार होते तिला, लेकरू मोठं झाल्यावर. पर तिला माझा भरवसा वाटला न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमी एवढ्या लांबून आलाव, च्या घेऊन जावा."

तो माफी मागायला आला होता आणि त्या त्यालाच मोकळा करून सगळं तनुजाच्या माथी मारत होत्या.  त्यानं चहा सगळा संपवला.

परत आल्यावर त्यानं सुदर्शनकडून जुनी सिस्टिम पुन्हा टाकून घेतली. खातं बंद केलं, वर गेलेले फोटो जेवढे दिसले तेवढे काढायला लावले. "सगळे गेले का?" त्यानं विचारलं. "आपल्याला दिसायचे बंद झाले," सुदर्शन म्हणाला. "तिकडं काय ऱ्हायलं, ते कोण सांगावं?"

मल्लिनाथला फोन करून सांगितलं, आता गेम जमणार नाही. का ते सांगितलं.  मल्लिनाथ म्हणाला, "अण्णा, दाबत जा म्हणून मीच घाई केली."

"बोट माझं होतं," राजशेखर म्हणाला. आणि ट्रक नसताना, रस्ता नसताना, एवढ्या वर्षांत न निघालेलं त्याच्या तोंडून निघून गेलं, "मांडवात तुला मारलं, तेबी माझंच चुकलं."

"ऱ्हाऊ दे ते," मल्लिनाथ म्हणाला आणि फोन ठेवला. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन आला, त्यानंतरच्या सुट्टीला नाही आला. मधूनमधून येतो. आईचं विचारतो.

उन्हाळ्यात मनिषा स्टुडिओत आली, तिच्या लेकाचा शाळेचा फोटो काढायला. बोलणं नको म्हणून राजशेखर लाइट सारखे करत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "तनुजाचं झालं, काका. नांदेडला, रजिस्टर. माणूस चांगला हाय."

"लेकरू?"

"आईसंगं आणि आजीसंगं. चार दिवस नांदेडला, चार दिवस कंधारला, असं करून राहिलेत."

राजशेखरनं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. "सासूबाई आल्या होत्या का लग्नाला?"

मनिषानं लेकाची कॉलर नीट केली. "न्हाई. हरिओम आला होता. त्याच्याजवळ लुगडं पाठवलं होतं त्यांनी तिच्यासाठी."

राजशेखरनं मान हलवली. लेकराला हनुवटी जरा वर करायला सांगितलं आणि फोटो काढला. छापून दिल्यावर मनिषासमोर पडदा वळवून विचारलं, "ठेवू का पुसू?" ती ठेवा म्हणाली, शाळेत परत लागतोय. त्यानं ठेवला.