चालकाशी फ्रेंचमध्ये बोलावे

आजोबांनी उभं आयुष्य शहरबस चालवली. नोकरी सुटली, पण बस काही त्यांच्या पायांतून उतरली नाही. टीव्हीसमोर बसले तरी उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. खाली हॉर्न वाजला की उठून खिडकीशी जायचे आणि जाणाऱ्या बसकडे बघून पुटपुटायचे, "वळण घेतोय की उपकार करतोय!"

"बाबा, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का? बसा की जरा," लेक म्हणायची. ते बसायचे. ती स्वयंपाकघरात गेली की परत उठायचे.

यंदाच्या सुट्टीत मात्र त्यांना काम लागलं होतं. लेक ऑफिसात, जावई सदा फिरतीवर, तेव्हा दोन्ही नातवंडं दिवसभर आजोबांकडे. थोरली टिकली, नावाइतकीच लहानखुरी, पण बोलायला लागली की ऐकणाऱ्याची धडगत नाही. धाकटा ढब्बू, गुबगुबीत आणि सावकाश. आणि दोघांच्या मागून घरात शिरली ती त्यांच्या शाळेतली फ्रेंच.

मागल्या सुट्टीत दोघं ती भाषा धुऊन पुसून विसरली होती. शाळा उघडल्यावर टिकलीला कितीतरी दिवस खालच्या वर्गातल्या मुलांत बसवलं, आणि त्या चुरचुरीत पोरीने तोंडाला जे कुलूप घातलं ते घरभर जाणवलं. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. म्हणून यंदा फ्रेंचच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: अर्धी सुट्टी झाली की मुलांना भेटायला आणा. बोलली तर ठीक, नाहीतर उरलेली सुट्टी शाळेच्याच वर्गात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"म्हणजे मी घरात भिंतींशी बोलू?" आजोबांनी विचारलं.

"मग फ्रेंच करून घ्या त्यांच्याकडून," लेक चपला घालता घालता म्हणाली आणि गेली.

करून घ्या म्हणे! आजोबांना त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. बाईंनी फोनवर गाणी-गोष्टी पाठवल्या होत्या, त्या त्यांनी सकाळी लावल्या आणि दिवसभर बंदच केल्या नाहीत. जेवताना फ्रेंच, अंघोळीच्या वेळी फ्रेंच, भाजी निवडताना फ्रेंच. कानावर पडत राहिलं की मुरेल, असा त्यांचा हिशेब. ढब्बूला त्या आवाजात छान झोप लागायला लागली. टिकली उशीत डोकं खुपसून चित्रं काढायची. सुरात गुणगुणायला लागले ते एकटे आजोबा.

आठवड्याने लेकीने मुलांना समोर बसवून विचारलं, "हं, बोला बघू काहीतरी." टिकलीने ढब्बूकडे बघितलं. ढब्बूने आजोबांकडे बघितलं, आजोबांनी पंख्याकडे.

"बाबा, रेडिओ लावून मुलं शिकत नसतात!"

लेकीचं बोलणं आजोबांना लागलं. रात्रभर कुशी बदलत राहिले. सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःचा. बसमध्ये दर थांब्याची घोषणा व्हायची, ती कोण ऐकायचं? कोणी नाही. आपला थांबा चुकेल अशी धास्ती वाटली की मात्र अख्खी बस ओरडायची, 'ओ ड्रायव्हर, थांबवा!' इतकी वर्षं हे पाठीमागून ऐकलेल्या माणसाने घरात घोषणा लावून ठेवल्या होत्या!

सकाळी पाव आणायला तिघं निघाले. जिना उतरल्यावर आजोबा एकदम थांबले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी हवेतलं स्टिअरिंग धरलं.

"माझ्या डोक्यावर जन्मभर पाटी होती, चालकाशी बोलू नये. आज पाटी बदलली. चालकाशी बोलावं, पण फ्रेंचमध्येच. चालकाला दुसरं काही ऐकू येत नाही."

"आजोबा, लोक बघतायत," टिकली म्हणाली.

चालकाला ऐकू आलं नाही. ते इंजिनासारखा घोगरा आवाज काढत जागच्या जागी उभे. ढब्बूला राहवेना. "आवांस!" तो किंचाळला. पुढे चला! आणि बस निघाली; असले चार हुकूम आजोबांनी त्या गाण्यांतून उचलून ठेवले होते.

उजवीकडे म्हणजे आ द्रुआत, हे टिकलीला आठवलं. थांबा म्हणजे आरेत, हे दोघांना. पण बेकरीच्या वळणावर डावीकडे सांगायची पाळी ढब्बूची होती, आणि ढब्बूची गाडी तिथे अडली. आजोबांची मात्र अडली नाही. ते सरळ चालत सलूनमध्ये शिरले आणि आरशासमोर जाऊन टेकले.

"काका, काल तर दाढी केली!" सलूनवाला म्हणाला.

"मी काय करू? प्रवासी बोलेनात."

दाराशी टिकली हसून हसून खाली बसली. ढब्बू रडकुंडीला आला होता. शेवटी तिने त्याच्या कानात सांगितलं, त्याने "आ गोश!" अशी बोंब ठोकली, आणि बस सलूनमधून बाहेर निघाली.

मग रोज तेच. तिघं सकाळी बाहेर पडायची ती उन्हं तापली तरी परतायची नाहीत. आजोबा कधी पोस्टाच्या भिंतीला नाक लावून उभे, कधी बागेतल्या झुडपात. टिकलीला आता नुसते हुकूम पुरेनात. सलूनवाल्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात तेही तिने फोनवरच्या गोष्टीतून शोधून आणलं: क्वाफर. आजोबांनाही तो शब्द पाठ झाला.

पण शेजारच्या मावशींच्या नजरेतून काय सुटतंय? एका संध्याकाळी लेक घरी आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाट आठवत नाही का हल्ली?"

"मला? या शहरातला खड्डा न् खड्डा पाठ आहे मला!"

"मावशी म्हणाल्या, तुम्ही भिंतीसमोर उभे असता. मुलं हाताला धरून वळवतात."

आजोबांनी सगळं सांगितलं. लेक हसली नाही. "उद्या बाईंकडे जायचंय, आणि तुम्ही ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळताय? चार हुकूम म्हणजे भाषा झाली का?"

आजोबांचा पाय तेवढा ब्रेक दाबत राहिला.

शाळेच्या वर्गात बुटक्या खुर्च्या होत्या. आजोबांचे गुडघे हनुवटीला लागले. बाईंनी हसत काहीतरी विचारलं. टिकली फ्रॉकचं टोक पिळत राहिली. परत विचारलं. तेच कुलूप, मागल्या वर्षीचं. ढब्बू टेबलाखाली गेला. लेकीने डोळे मिटून घेतले.

आजोबांच्या पायाने ब्रेक दाबला, परत दाबला, आणि मग काही सुचेना म्हणून ते उठले, हात पुढे केले आणि निघाले. समोर रंगांच्या बाटल्यांचं कपाट.

"बाबा!" लेक ओरडली. चालकाला ऐकू आलं नाही.

"आरेत!" टेबलाखालून ढब्बू. कपाटापासून वीतभर अंतरावर आजोबा थांबले.

बाईंनी टिकलीकडे वळून हळूच काही विचारलं. टिकलीने एकदा आजोबांच्या पाठीकडे बघितलं, आणि तिला हसू फुटलं. हसता हसताच ती फ्रेंचमध्ये बोलायला लागली. अडखळत, मागे येत, हातवारे करत, मध्येच ढब्बूकडे बोट दाखवत. आजोबांना त्यातला एकच शब्द कळला, क्वाफर, आणि तो तीनदा आला. बाकी काही म्हणजे काही कळलं नाही, आणि इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"वर्गाची गरज नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आजोबा, पोरं नुसते हुकूम सोडतात हो. 'कृपया' कुठे हरवलं?"

"उद्यापासून त्याशिवाय बस हलणार नाही," आजोबा म्हणाले.

बाहेर पडताच त्यांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं. कोपऱ्यावर लेक डावीकडे वळली. आजोबा सरळ.

"बाबा, घर इकडे आहे! ऊन किती आहे!"

"आई, असं नाही ऐकू येत त्यांना," टिकली म्हणाली.

लेकीने कपाळावर हात मारला. मावशी कुठे दिसत नाहीत ना, हे मागेपुढे पाहिलं, मग वाकून हळूच विचारलं, "ढब्बू, डावीकडेला काय म्हणतात रे?"

ढब्बूने डोकं खाजवलं. आजोबा चाललेच होते, आणि समोर सलूनचं दार उघडं होतं.