साहेबापुढचा खोकला

मॅलिंगर. इंग्रजीतलं क्रियापद आहे. अर्थ: काम टाळण्यासाठी आजारपणाचं सोंग करणे. फारसं कुणी वापरत नाही. मी पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवली, पण हा शब्द समोर आला की अजूनही माझं टाळकं सरकतं.

मोठ्या दुष्काळानंतरचं साल होतं. मी नववीत, आणि माझी माय कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला. सरकी वेगळी होताना उडणारी तुसं दिवसभर तिच्या नाकातोंडात जायची. खोकून खोकून बिचारीच्या बरगड्या दुखायच्या. तिचं मागणं एवढंच, की मशीनपासून काढून बाहेर अंगणात काम द्या. मॅनेजर म्हणाला, डॉक्टर म्हणाले तर देतो. डॉक्टर जिनात आला तेव्हा मी मायसोबत होते.

आता आमच्याकडची रीत ऐका. साहेबानं विचारपूस केली की डोक्यावर पदर घ्यायचा आणि ‘बरं हाये’ म्हणायचं. साहेबाच्या तोंडावर खोकणं म्हणजे तर बेअदबीच. मायनं तेच केलं. पदराचा बोळा तोंडाशी धरला, खोकला गिळला, डोळे लालबुंद झाले.

“काय होतं?” डॉक्टरनं विचारलं.

“काही नाही. बरं हाये, साहेब.”

त्यानं गळ्यातली नळी काढलीसुद्धा नाही. मॅनेजरकडे वळून म्हणाला, “शी मॅलिंगर्स.” आणि दोघं हसले. हसले मेले!

दुसऱ्या दिवशी मी शाळेत इंग्रजीच्या सरांना अर्थ विचारला. त्यांनी सांगितला, आणि वर म्हणाले, “वा, भारी शब्द शोधलास! वाक्यात उपयोग करून दाखव.” वाक्यात उपयोग! माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन राग काढला तो मायवरच.

“तू सोंग करून राह्यली म्हणे तो! काहून नाही सांगितलं त्याले?”

“साहेबापुढं कसं सांगाव, बाई?” ती म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

माय मशीनवरच राहिली. हंगाम संपायच्या आत तिथंच कोसळली. मी शाळेतून धावत गेले, तर तोच मॅनेजर, तोच डॉक्टर. माय कापसाच्या ढिगाला टेकवलेली. डॉक्टरनं पुन्हा तेच विचारलं, “काय होतं?” बसवत नव्हतं तिला, पण हात पदर शोधत होता. पदर सापडला, तोंडाशी गेला.

“बरं हाये...”

मी तो पदर खसकन ओढला. “खोक, माय! खोक त्याच्या तोंडावर!”

ती खोकली. थांबेचना. जिनातल्या बाया कामं सोडून गोळा झाल्या, तेव्हा कुठे डॉक्टरनं गळ्यातली नळी काढली. आणि माझी माय खोकता खोकता त्याच्यापुढं हात जोडून माफी मागत होती.