उरलेली आठवी जागा

“मॅडम, पाच-दोन-एक असं लिहा आणि सही करा,” साहेब म्हणाले.

“सर, चार-दोन-दोन होतंय.”

“सत्ता कोणाची आहे? मग उरलेली जागाही त्यांचीच!”

गोष्ट नव्वदच्या दशकातली. नाशिक जिल्ह्यातल्या एका लोकनियुक्त संस्थेत मी सभा विभागाची अधीक्षक होते. संस्थेचं नाव सांगत नाही. पाणीपुरवठा समितीवर आठ जण नेमायचे होते. नियम तौलनिक संख्याबळाचा, म्हणजे सभागृहात ज्याचे जितके सदस्य, त्याच प्रमाणात त्याला समितीत जागा.

सदस्य चाळीस, म्हणजे पाच जणांमागे एक जागा. सत्ताधारी एकवीस: त्यांना चार जागा, वर एक सदस्य उरतो. विरोधक अकरा: दोन जागा, वर एक. पेठ-सुरगाण्याकडच्या आघाडीचे आठ: एक जागा, वर तीन. झाल्या सात. आठवी जागा ज्याची शिल्लक जास्त त्याची, म्हणजे आघाडीची. हा नुसता हिशोब, यात कुणाच्या मताचा प्रश्न येतोच कुठे?

मी सही केली नाही. साहेबांनी फाइल टेबलावर आपटली. पण माझ्या सहीशिवाय प्रस्ताव सभेपुढे जाणार नव्हता, म्हणून अध्यक्षांनी सभाच पुढे ढकलली. कारण दिलं, ‘तयारी अपूर्ण’.

तयारी कसली, ते पुढच्या सभेला कळलं. आघाडीचे तीन सदस्य अध्यक्षांच्या गाडीतून उतरले आणि सत्ताधाऱ्यांच्या बाकांवर जाऊन बसले. एकाला सभापतिपद कबूल झालं होतं म्हणे. तेव्हाच्या कायद्यात एखाद्या गटाचे किमान एक तृतीयांश सदस्य एकदम फुटले तर ती ‘फूट’ धरायचे. कोणाचंच पद जात नसे.

“आता करा गणित,” साहेब हसून म्हणाले.

केलं. सत्ताधारी चोवीस: चार जागा, वर चार. आघाडी पाच: एक जागा, वर शून्य. पाच-दोन-एक. या वेळी सही न करायला माझ्याकडे कारणच नव्हतं. मी सही केली.

आघाडीच्या प्रमुख यशोदाबाई माझ्या टेबलाशी आल्या. उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यांवरच्या बाया झऱ्याला रांग लावून वाटी-वाटीनं पाणी भरायच्या. त्यासाठी त्यांना समितीत दोन माणसं हवी होती.

“बाई, हिशोब बरोबर हाय का?”

“बरोबर आहे.”

“आन् हे बरोबर हाय का?”

मी इतिवृत्ताची वही उचलली. त्या सभागृहात गेल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझा विरोध लिवून घ्या. त्या तिघांना आमच्या लोकांनी मतं दिली व्हती, यांच्या नाय.”

“ताई, बसा,” अध्यक्ष म्हणाले. मी मात्र यशोदाबाईंचा शब्द न् शब्द इतिवृत्तात घेतला.

त्या वर्षी समितीची बहुतेक कामं द्राक्षबागांच्या पट्ट्यात गेली. पेठकडे दोन हातपंप मिळाले. त्यातला एक कोरडा निघाला.

‘प्रमाणात वाटप झालं’ असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी आता एकच विचारते: माणसं मोजली कधी, निवडणुकीनंतर की फोडाफोडीनंतर?