कमानीवरची अक्षरं

टर्पेंटाइनचा वास आला की केळापूरजवळचं ते बुद्धविहार आठवतं. भाव नसल्यानं कापूस घरातच पडून होता, पैशांअभावी माझी शाळा सुटली होती. पाट्या रंगवणाऱ्या पेंटर चाचांनी हातात ब्रश दिला, ते उपकार विसरलो नाही. जुन्या शिलालेखातल्यासारखी दिसणारी, पण मराठीच असलेली अक्षरं मी स्वतः रचून विहाराच्या कमानीवर रंगवली. सगळे खूश झाले. एक आजी मात्र अक्षरांच्या वळणांवरून हवेत बोट फिरवत थांबल्या. "बाबू, मले काहून वाचता येऊन नाही राह्यलं? एवढ्यातच तं वाचाले शिकली मी." चाचा म्हणाले, "अम्मा, डिझाइन है." "मंग राहू दे, चांगलं दिसते," म्हणून त्या निघाल्या. रंग वाळला होता, अक्षरं आता बदलता येणार नव्हती. आता मी परमुलखात आहे; इथं पाट्यांची लिपीच वेगळी. त्या पाट्यांसमोर मीही त्या आजींसारखाच थांबतो, आणि कुणाला विचारायचा धीर होत नाही.